‘चालतंय की’ : तिसऱ्यांदा पुढं ढकललेल्या एका कामाबद्दल तांत्रिक समितीला खुलं पत्र

तांत्रिक समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

परवाच्या बैठकीचं इतिवृत्त मिळालं. विषय क्रमांक नऊ, ‘नोड-सॅस काढणे’. त्यापुढं एकच ओळ : ‘सध्याची व्यवस्था सुरळीत चालू असल्याने पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करावा.’ मागच्या वर्षीचं इतिवृत्त काढून बघितलं, तर तीच ओळ. त्याच्या आदल्या वर्षीचं काढलं, तिथंही तीच, फक्त ‘सुरळित’ असं चुकलेलं. म्हणजे तीन वर्षांत या विषयावर झालेलं काम एवढंच, की कुणीतरी शुद्धलेखन दुरुस्त केलं.

बैठकीत प्रत्यक्ष बोलणं याहूनही लवकर आटोपलं होतं. मी फोनवरून ऐकत होते. “चालतंय की,” असं कुणीतरी म्हणालं, दोघं हसले आणि विषय दहा सुरू झाला.

हे पत्र मी नेहमीसारखं मेलवरही पाठवू शकले असते. दोनदा पाठवलंय. पण आपलं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतल्या काही छोट्या फर्म मिळून ते सांभाळतात, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि त्यावर गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था चालतात. त्या संस्थांच्या सचिवांना ‘बिल्ड’ म्हणजे कोडपासून वापरायची आवृत्ती बांधणं, हे माहीत नाही, माहीत असण्याचं कारणही नाही. मात्र विषय नऊ पुढं ढकलला की त्याचा भार त्यांच्यावर पडतो. म्हणून हे त्यांच्याही समोर.

मी कोण, तर गेली नऊ वर्षं या प्रकल्पाची प्रत्येक आवृत्ती बाहेर पाडणारी बाई. पोरं मला ‘बिल्डवाल्या ताई’ म्हणतात. चालतंय ते कुणाच्या जिवावर चालतंय, हे सांगायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी धरून चालते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पडद्यावर दिसणारे रंग, रकाने, अक्षरांचे आकार हे आम्ही सॅस नावाच्या सोयीच्या भाषेत लिहितो. ब्राउझरला ती कळत नाही, त्याला साधी सीएसएस लागते. हे रूपांतर रिलीजच्या वेळी एक हत्यार करून देतं. आमचं हत्यार म्हणजे नोड-सॅस, चौथी आवृत्ती. त्याच्या पोटात लिबसॅस हे सी प्लस प्लसमधलं इंजिन. नोड म्हणजे ही हत्यारं ज्यावर चालतात ती जावास्क्रिप्टची व्यवस्था. जुन्या नोडसाठी ते इंजिन तयार बांधलेलं मिळतं. नव्या नोडवर मिळत नाही, मग ते तिथल्या तिथं कंपाइल व्हायला, म्हणजे मूळ कोडपासून बांधलं जायला बघतं, त्यासाठी नोड-जिप या बांधणीच्या हत्याराच्या जुन्या आवृत्तीला उठवतं, आणि ती पायथन २, म्हणजे पायथन या भाषेची जुनी आवृत्ती मागते.

आता या मंडळींची तब्येत बघा. नोड-जिपमधलं ‘जिप’ गूगलनं क्रोमियम ब्राउझरसाठी बनवलं होतं, खुद्द क्रोमियमनं ते टाकून जीएन हे दुसरं हत्यार घेतलं त्याला जमाना झाला. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. लिबसॅस आता वापरू नका, असं सॅस बनवणाऱ्यांनीच ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं. आमची नोड-सॅसची आवृत्ती नोड १४ च्या पुढं जात नाही, आणि नोड १४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या ३० एप्रिल २०२३ ला थांबल्या. नोड-सॅसनं स्वतः २०२४ मध्ये दुकान बंद केलं. एका निळ्या बटणासाठी एवढ्या तिरड्या खांद्यावर घेऊन आपण फिरतोय.

पहिली तक्रार त्या डब्याची.

व्हीनस कॉर्नरजवळच्या आपल्या ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. उबंटू १८.०४ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन २.७, सगळं जिथल्या तिथं गोठवलेलं. वर मार्करनं मीच लिहिलंय, ‘बंद करू नये’. त्याखाली कुणीतरी बॉलपेननं भर घातलीय, ‘अंबाबाईची आण’. आपली अधिकृत आवृत्ती जगात फक्त या एका डब्यावर तयार होते. दुसरा डबा करून ठेवायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण इतक्या वर्षांत कुणी कुठली फाइल हातानं कुठं टाकलीय याची नोंदच नसल्यामुळं दोन्ही वेळा निघालेलं आउटपुट जुळलं नाही.

जुलै २०२१ तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती आणि व्हीनस कॉर्नरला पाणी चढत होतं. सगळ्यांचा डेटा क्लाउडवर होता, हिशेब क्लाउडवर होते, कोडही होता. खाली अडकलेला होता तो फक्त हा डबा. मी आणि वॉचमनकाकांनी तो एका दुधाच्या क्रेटमध्ये घातला, वर माझा रेनकोट पांघरला आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला. जिन्यात काकांनी विचारलं, “मॅडम, ह्यात पैसं हाईत काय?” मी म्हटलं, नाही काका, ह्यात बटणांचा रंग आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मग वीज गेली. शिरोलीजवळ हायवे बंद, आपले दोघं सहकारी पलीकडं अडकलेले. त्याच दोन दिवसांत एका दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात चूक निघाली. म्हशीच्या दुधाचा फरक दोनदा लागत होता. दुरुस्ती दोन ओळींची. पुण्यात बसलेल्या एका पोरानं ती तासाभरात करून, तपासून ठेवली. पण ती संस्थेपर्यंत पोचवायची तर आवृत्ती बांधायला हवी, आणि आवृत्ती बांधणारा डबा दुसऱ्या मजल्यावर अंधारात रेनकोट घालून बसलेला. चार दिवस गेले. सचिवांनी रजिस्टर काढून सगळी बिलं हातानं लिहिली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. “पाणी ओसरू द्या मॅडम, मग बघू,” एवढंच म्हणाले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हाच मी पहिल्यांदा हा विषय समितीत आणायला सांगितलं. तो विषयपत्रिकेवर यायलाही पुढं बरेच दिवस गेले, ते असो.

दुसरी तक्रार नव्या पोरांच्या वतीनं. गेल्या वर्षी जूनमध्ये इंजिनिअरिंग संपवून एक मुलगी आली. हुशार आहे, पहिल्याच आठवड्यात पासबुक छपाईतली एक जुनी चूक तिनं नुसता कोड वाचून शोधली. पण ती दुरुस्त करून चालवून बघायला तिला तीन दिवस लागले, कारण तिच्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४, आणि त्याच्या भांडारात पायथन २ नावाची वस्तूच उरलेली नाही. पडदाभर लाल अक्षरं. “ताई, पायथनचं दोन पण होतं?” असं तिनं मला विचारलं, अगदी निरागसपणे. तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले तर इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसानं बांधलेलं पायथन २ ती प्रशासकाच्या अधिकारानं उतरवून घेत होती. मी कीबोर्ड ओढून घेतला. तिची चूक नव्हती. आपणच तिला त्या दारात उभं केलं होतं. मॅकवाल्यांची कथा वेगळी सांगत नाही. ॲपलनं २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढून टाकलं, त्या दिवसापासून त्यांचे फोन मला येतात.

तिसरी गोष्ट सुरक्षेची, आणि इथं मला समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं मान राखून खोडायचं आहे. “बिल्डची हत्यारं ग्राहकाकडं जातच नाहीत, मग धोका कसला?” असं ते म्हणाले. सर, मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. एक्सझेड ही लिनक्सवर जवळजवळ सगळीकडं असणारी, फाइली दाबून लहान करणारी साधी लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातलेलं निघालं. ते उघडायची किल्ली मूळ कोडच्या भांडारात नव्हती. रिलीजच्या गठ्ठ्यात जी बिल्डची स्क्रिप्ट असते, जी कुणी कधी वाचत नाही, तिच्यात होती. म्हणजे बांधताना विष मिसळलं जात होतं. सापडलं कसं, तर पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या मशिनवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. आपल्या डब्यावर अर्ध्या सेकंदाचा फरक कुणाला जाणवणार? तो एरवीच चहा होईपर्यंत विचार करत बसतो.

आणि ‘ग्राहकाला दिसत नाही’ हे कोल्हापुरात बसून म्हणावं? शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फौंड्रीत जा आणि म्हणून बघा, की कास्टिंग जातं गिऱ्हाइकाकडं, ज्यावरून साचा घडतो तो पॅटर्न कुठं जातो, तेव्हा पॅटर्न कुजू दे. माझ्या वडिलांनी उद्यमनगरात लेथवर हयात घालवली. ते तुम्हाला बसायला खुर्ची देतील, चहा सांगतील आणि काही न बोलता परत मशिनकडं वळतील.

चौथी गोष्ट माझी स्वतःची आहे, थोडक्यात सांगते. भाचीच्या लग्नात गडहिंग्लजला हळद चालू असताना मी मांडवामागं बसून एक तातडीची आवृत्ती सोडली, कारण त्या डब्याच्या खोडी दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत. माझ्या लॅपटॉपची शिफ्टची कळ अजून पिवळी आहे.

आता तुमच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्याकडं येते. ते सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही.

‘आत्ता वेळ नाही’ हे पहिलं कारण. मी तीन वर्षांची कारणं मांडून बघितली. जानेवारी ते मार्च, मार्चअखेर. एप्रिल-मे, संस्थांचं ऑडिट आणि आपली पोरं गावाकडं. जून, नव्या वर्षाच्या सुधारणा. जुलै-ऑगस्ट, पूर. मग गणपती. सप्टेंबरअखेरपर्यंत संस्थांच्या वार्षिक सभा. ऑक्टोबर, दिवाळीचा बोनस आणि दूध-फरक, त्यात कुणी हात घालायचा नाही. नोव्हेंबर, ऊस-तोडणीच्या उचलीचे हिशेब. डिसेंबर, लोक रजेवर. मंडळी, या हिशेबानं वर्षाला तेरावा महिना लागतो, आणि अधिक मास आला की तुम्ही तोही धोंड्याचा म्हणून सोडून द्याल.

दुसरं कारण, ‘आउटपुट बदलतं’. खरं आहे, बदलतं. नोड-सॅसच्या जागी डार्ट-सॅस हे सॅसवाल्यांचं नवं हत्यार बसवून मी गेल्या हिवाळ्यात स्वतंत्र ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर सगळं बांधून बघितलं आणि दोन्ही सीएसएस शेजारी ठेवल्या. फरकाची यादी बघून समितीनं घाबरून जावं इतकी लांब निघाली, आणि तुम्ही घाबरलात. मी ती यादी दोन संध्याकाळी बसून ओळ न् ओळ वाचलीय. बहुतेक फरक दशांशांचे आहेत. जुनं हत्यार पाच स्थळांवर थांबतं, नवं दहापर्यंत जातं. ३३.३३३३३ टक्क्यांच्या जागी ३३.३३३३३३३३३३. पडद्यावर केसाइतकाही फरक नाही. खरं अडलं ते दोन ठिकाणी, जिथं आपण दोन क्लास (शैलीची नावं) जोडून त्यांवर ‘एक्स्टेंड’ (एकाची शैली दुसऱ्याला लावणारी आज्ञा) वापरलं होतं. लिबसॅस ते मुकाट्यानं गिळत होतं, डार्ट-सॅस स्पष्ट नाही म्हणतं आणि कसं लिहायचं तेही सांगतं. दोन्ही दुरुस्त केली. तिरपी रेघ देऊन केलेला भागाकारही आता जुना झालाय. तो बदलायला सॅसवाल्यांनीच हत्यार दिलंय, ते एकदा फिरवलं आणि झालं. त्यानंतर दूध-स्लिप, पासबुक, ठेव पावती, खतावणीचा उतारा असे छपाईचे सगळे नमुने दोन्हीकडून कागदावर काढून एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. लहानपणी नकाशे असेच गिरवायचो. रेघेवर रेघ बसली. ते कागद माझ्या कपाटात आहेत, कुणीही यावं.

तिसरं कारण, ‘नवं हत्यार हळू आहे’. हेही खरं. ते सी प्लस प्लसचं नाही, शुद्ध जावास्क्रिप्टमधून चालतं, त्यामुळं काही सेकंद जास्त लागतात. पण त्याच कारणानं त्याला कंपायलर लागत नाही, पायथन लागत नाही, कुठल्याही लॅपटॉपवर एका आज्ञेत बसतं. बिल्डचे काही सेकंद तुम्ही मोजता, मग त्या मुलीचे तीन दिवस कुणी मोजायचे?

एका सदस्यांनी मधला मार्ग सुचवला होता, की नोड-सॅसचीच नववी आवृत्ती घ्यावी. हेतू चांगला. पण ती नोड २० पर्यंतच जाते, नोड २० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, आणि त्यापुढं नोड-सॅस सांभाळायला कुणी उरलेलं नाही. पडक्या वाड्यातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत राहायला जाण्यातला हा प्रकार.

जुनं काढताना धसका वाटतो, मलाही वाटतो. पण हे करून दाखवलेली माणसं आपल्यापुढं आहेत. ज्या पोस्टग्रेसमध्ये आपल्या सगळ्या संस्थांच्या खतावण्या आहेत, त्या पोस्टग्रेसनं २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन ही नवी बिल्ड-व्यवस्था जुन्याच्या शेजारी उभी केली. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत विंडोजसाठीच्या स्वतःच्या जुन्या स्क्रिप्ट काढून टाकल्या. तुमच्यापैकी कुणाला ते कळलंही नाही, आणि काम नीट झालं की ते कळतच नाही. फायरफॉक्सवाले १९९९ सालचं ऑटोकॉन्फ २.१३ हे बिल्डचं हत्यार कितीतरी वर्षं सांभाळत बसले होते. त्यांनीही ते एका रात्रीत उपटलं नाही, तुकड्या-तुकड्यानं सोडवलं. आपल्याकडंही बिल्डची कामं क्रमानं करून घेणारं गल्प ३ होतं, जे नोड १२ वर सुरूच होत नव्हतं. २०२२ मध्ये दोन शनिवार घालून मी ते चारवर नेलं. तेव्हा ना कुठल्या बैठकीत विषय आला, ना कुठलं दुकान बंद पडलं. विचारलं असतं तर आज आपण नोड १० वर असतो, म्हणून तेव्हा विचारलं नाही. यावेळी विचारतेय, कारण हे एकटीनं गुपचूप करण्याएवढं लहान नाही.

माझं मागणं काय, ते सरळ सांगते.

ती ब्रँच कुणीतरी वाचावी. समितीतल्या किमान दोघांनी, पुढच्या बैठकीच्या आधी. नको असेल तर का नको, ते कारण इतिवृत्तात लिहावं. ‘सुरळीत’ हा शब्द न वापरता.

हवी असेल तर पुढच्या आवृत्तीत जुनी आणि नवी अशी दोन्ही बांधणी शेजारी-शेजारी चालवू, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत नोड-सॅस, ती जुनी नोड-जिप आणि पायथन २ ही नावं आपल्या यादीतून जातील. तारीख आजच ठरवावी, आणि ती मार्चअखेरीत पडत असेल तर पुढं घेऊ, माझी हरकत नाही. पण तारीख असावी.

यासाठी मला दोन माणसं तीन आठवडे हवीत. पैसे नकोत, नवं मशीन नको. त्यातली एक ती जूनमध्ये आलेली मुलगी असावी, कारण तिला या दुखण्याची चव माहीत आहे, आणि मला आवृत्ती सोडता येणारं दुसरं माणूस तयार करायचं आहे. मला या गणपतीत पाच दिवस फोन बंद ठेवायचाय.

आणि ते होईपर्यंत, निदान एवढं करा. त्या डब्यावर आज जे आहे त्याची जशीच्या तशी प्रतिमा काढून दुसऱ्या गावात ठेवायची परवानगी द्या. हे मी गेल्या वर्षीही मागितलं होतं. नाही म्हणालं कुणी नाही, हो म्हणालंही कुणी नाही.

माझा राग कुणा एका व्यक्तीवर नाही. समितीतल्या दोघांनी मला या कामात बोट धरून आणलं, ते मी विसरलेले नाही. पण तुम्ही शिकवलेल्याच हातानं हे लिहितेय, त्यामुळं उत्तर तुम्ही द्यावं, आणि ते इतिवृत्ताच्या एका ओळीत नसावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बिल्डवाली
कोल्हापूर

ता. क. उत्तर पावसाळ्याआधी आलं तर बरं. क्रेट मी दूध संस्थेला परत केलाय.